सरावापुरती मल-सुन

मल-सुन,

हे तू वाचणार नाहीस. जिवंत असतीस तरी वाचलं नसतंस, कारण हे मराठीत आहे आणि तुला मराठीतले दोनच शब्द येत होते, 'ताई' आणि 'बास'. दोन्ही मीच शिकवले, दुसरा तू थांबायचीच नाहीस म्हणून. आमच्या मंडळाच्या अंकासाठी 'एक प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व' लिहून हवंय. व्यक्ती शक्यतो मराठी असावी, असं संपादकबाई म्हणाल्या. संपादकबाई म्हणजे नीना, माझी सूनच. मी म्हटलं, मराठी नाही आणि प्रेरणादायी तर मुळीच नाही, चालणार असेल तर लिहिते. चालेल म्हणाली. घरात वाद नको म्हणून म्हणाली असेल.

तुझी गोष्ट तुलाच काय सांगायची? म्हणून इथून पुढे मी वाचणाऱ्यांशी बोलते. तू ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

पे मल-सुन ही कोरियन बाई, वय साठ. इथे मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मोटारींच्या सुट्या भागांच्या एका जुन्या गोदामात टेबल टेनिसचा क्लब आहे, तिथे ती शिकवायची. सगळे तिला 'कोच सनी' म्हणत. सुनचं सनी झालं होतं. इतकं न शोभणारं नाव मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. ती हसतेय की तिची दाढ दुखतेय हे ओळखायला मला बरेच महिने लागले.

मी तिथे पोचले ती कंटाळून. कऱ्हाडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, यजमान गेले, मग शंतनूकडे, मुलाकडे आले. इथे माझ्या वयाच्या बायकांनी हिवाळ्यात काय करायचं, तर मॉलमध्ये चालायचं. दोन हिवाळे चालले. घाण्याचा बैलसुद्धा तेल काढतो, आम्ही नुसत्याच फिरतो. शेवटी शंतनूला सांगितलं, कॉलेजात असताना मी साडी खोचून टेबल टेनिस खेळायचे, मला टेबल दाखव.

सनीने माझा खेळ थोडा वेळ पाहिला आणि सांगितलं की तो वाईट आहे, पण जोरदार वाईट आहे. मला बाई आवडली. फक्त एक गोष्ट खटकली. ती मला उठताबसता 'हनी' म्हणायची. इथे दुकानातल्या पोरी म्हाताऱ्यांना म्हणतात ना, तसं. आठवडाभर ऐकून घेतलं, मग बॅट टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मी जन्मभर कॉलेजात शिकवलंय. मला हनी म्हणायचं नाही."

ती गोंधळून गेली. "हनी नाही," म्हणाली. "ऑन्नी."

ऑन्नी म्हणजे थोरली बहीण. त्यांच्यात बाईने आपल्यापेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायची नसते. म्हणजे ही बाई मला ताई म्हणत होती आणि मी तिला झापत होते. मग मी तिला आपला शब्द दिला. 'ताई' तिच्या तोंडात लगेच बसला.

तिचं खरं नाव मी विचारून घेतलं, त्याचा अर्थही विचारला. मल म्हणजे शेवट. चौथी मुलगी झाली तेव्हा आजोबांनी ठेवलं, ही शेवटची असू दे म्हणून. मी तिला सांगितलं की आमच्या साताऱ्याकडे अशा मुलीला नकुशी म्हणतात. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

"मग उपयोग झाला का नावाचा?" मी विचारलं.

"नाही. माझ्यानंतर पुन्हा मुलगीच."

"तिचं काय नाव ठेवलं?"

"क्कुत-सुन. त्याचाही अर्थ शेवटचीच."

त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या टेबलावरचा खेळ थांबला.

बाकी हसण्यासारखं तिच्या आयुष्यात फार नव्हतं. शाळेच्या संघात गेली ती जेवण मिळायचं म्हणून. घरी मटण आजोबांच्या आणि पुढे झालेल्या भावाच्या ताटात जायचं, संघातल्या मुलींना मात्र शाळा देत असे. शिक्षकांनी तिचे लांब हात पाहिले आणि तिला बचावाचा खेळ शिकवला. टेबलापासून लांब उभं राहायचं, समोरचीचा प्रत्येक फटका खालून कापून परत पाठवायचा. तिला मारायला आवडायचं. पण मारणाऱ्या मुली संघात भरपूर होत्या, आणि त्यांना सरावासाठी समोर कुणीतरी हवं होतं.

पुढे एका बँकेच्या संघात लागली. त्यांच्याकडे बँका आणि कंपन्या खेळाडूंना पगारावर ठेवतात. तिथून राष्ट्रीय संघाच्या शिबिरात बोलावणं आलं. गावात मिठाई वाटली म्हणे. शिबिरात गेल्यावर कळलं की ती संघात नाही, संघाच्या सरावासाठी आहे. संघातल्या अव्वल मुलीला जिला हरवायचं होतं त्या परदेशी खेळाडूची नक्कल करायला एक जण लागते, ती ही. तिला चित्रफिती दाखवत. ती परदेशी खेळाडू सर्व्हिस कशी करते, पाय कसा टाकते, घाम कसा पुसते, सगळं उचलायचं. आणि मुख्य नियम हा की चेंडू मरू द्यायचा नाही. समोरचीला मारता येईल असा परत द्यायचा, पुन्हा पुन्हा, सकाळ-दुपार. सहा वर्षं तिने हे केलं. अव्वल मुलीला पदक मिळालं. फोटोत ही नाही. फोटोत नसणारच, मल-सुनला त्याचं काही वाटलं नव्हतं. पगार चालू होता.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका वर्षी निवड चाचणीत तिची गाठ त्याच अव्वल मुलीशी पडली. सरावाला ठेवलेल्या मुलींनाही चाचणी खेळता येत असे. ही जिंकली असती तर संघात गेली असती. शेवटच्या गेममध्ये ही पुढे होती. चेंडू उंच आला, नुसता ठोकायचा होता. आणि हिच्या हाताने तो समोरचीच्या आवडत्या जागी, आवडत्या उंचीवर, अलगद नेऊन ठेवला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

मी विचारलं, मुद्दाम?

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, ताई. कुणावर तरी रागावता आलं असतं."

त्यानंतर तिने खेळ सोडला, म्हणजे बँकेने सोडवला. लग्न झालं, नवऱ्याबरोबर मिशिगनला आली. नवऱ्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पंचवीस वर्षं ती त्या यंत्राशेजारी उभी राहिली. त्या द्रवाला गोडसर वास येतो, ती म्हणाली, आधी छान वाटतो. मला सांगावं लागलं नाही. टेट्राक्लोरोएथिलीन. मी पोरांना त्याची रचना फळ्यावर काढून दाखवत असे. त्यानेच तिचं पुढचं सगळं झालं असं मी म्हणणार नाही, तिचा डॉक्टरही म्हणाला नाही. पण विचारलं तर नाकारलंही नाही त्याने.

मूल झालं नाही. नवरा हृदयविकाराने गेला, दुकान विकलं, आणि तिने राजीवच्या क्लबात काम धरलं. राजीव आपला नागपूरचा, आयटीतली नोकरी सांभाळून त्याने हा क्लब काढलेला. मुलगा वाईट नाही. क्लबात येतात ती आपलीच मुलं, नाहीतर चिनी. खेळायला येतात म्हणणं धाडसाचं होईल. कॉलेजच्या अर्जात लिहायला काहीतरी लागतं म्हणून येतात. आईवडील काचेमागे लॅपटॉप घेऊन बसतात. एक बाबा तर सनीला येऊन सांगून गेले की कोच, तिला जरा जिंकू द्या, कॉन्फिडन्स येईल. सनी 'ओके' म्हणाली. ते तर तिला झोपेतही जमलं असतं.

मग राजीवने रोबो आणला. चेंडू फेकणारं यंत्र, थकत नाही, आजारी पडत नाही. सनीचे तास कमी झाले. ती म्हणाली, रोबोला इंग्लिश येत नाही, म्हणजे आमच्यात तसा फरक नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरी चहा घेताना मी पाहिलं की कप धरलेला तिचा डावा हात थरथरतोय. मी कुजबुजणाऱ्यांतली नाही. सरळ विचारलं. तिने कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसली. पार्किन्सन्स. उजव्या हातात अजून उतरलेला नव्हता, उतरणार होता. मला गप्प राहायला सांगितलं. हात गेला की काम जाणार, काम गेलं की घर जाणार, एवढा साधा हिशेब होता, आणि राजीवला कळेपर्यंत जेवढे महिने मिळतील तेवढे तिला हवे होते.

आणि आणखी एक हवं होतं. ते तिने मी निघायला उठले तेव्हा सांगितलं. "एक मॅच. माझी. काही परत द्यायचं नाही."

जानेवारीत शेजारच्या गावी साठीच्या वरच्यांच्या स्पर्धा असतात. तिने नाव दिलं, मल-सुन म्हणून दिलं, सनी नाही. सरावाला मी. माझ्यासारखी जोडीदार मिळणं ही शिक्षाच, पण फुकट होते. आणि काय सांगू, तिथेही ती मला चेंडू भरवायची. माझ्या बॅटच्या बरोबर मध्यावर. मी ओरडायचे, अगं मार! ती 'सॉरी ताई' म्हणायची आणि पुढचा चेंडू त्याहून गोड द्यायची. महिनाभराने पहिल्यांदा तिने मला सणसणीत मारलं. चेंडू माझ्या चष्म्याला लागला. ती घाबरली. मी म्हटलं, चष्मा शंतनूच्या खर्चाने येतो, पुन्हा मार.

स्पर्धेच्या दिवशी बाहेर बर्फ होतं. हॉलमध्ये मुलांचेही सामने होते, त्यामुळे राजीव क्लबातल्या पोरांना घेऊन आलेला. मल-सुनसमोर डोना नावाची ओहायोची बाई होती, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. उंच, गुलाबी, आणि सगळ्यांना मिठ्या मारणारी. पंच कॉलेजातला वाटावा असा तरुण होता. त्याने 'मॅल्सन पाय' असं काहीतरी पुकारलं. खेळाडूच्या बाजूला एका माणसाला खुर्चीवर बसता येतं, तिथे मी.

पहिला गेम ती हरली. हरली म्हणजे काय, ताटात वाढावा तसा वाढला. डोनाला हवा तिथे, हवा तसा. डोना तर खूश होऊन माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होती. गेम संपल्यावर मल-सुन पाणी प्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "हे बघ, इथे तुला कुणी पगार देत नाहीये."

तिने बाटलीचं झाकण लावलं. टेबलाकडे परत गेली.

दुसऱ्या गेममध्ये ती टेबलाच्या जवळ येऊन उभी राहिली. एवढंच केलं तिने, चार पावलं पुढे आली. साठ वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, आणि उजवा हात असा फिरला की मला वाटलं हा कुणाचा हात? ज्या परदेशी बाईची नक्कल करायची तिचा नव्हता, क्लबातल्या सनीचा तर नव्हताच. डोनाचं हसू गेलं आणि ती नीट खेळायला लागली. मल-सुनने तो गेम घेतला. टेबलाभोवतीच्या दोऱ्यांमागे एकेक जण येऊन उभा राहायला लागला.

तिसऱ्या गेममध्ये दोघी बरोबरीत असताना पंचाने हात वर केला आणि गुण डोनाला दिला. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर, अगदी स्थिर ठेवावा लागतो, मग वर टाकायचा. दमल्यावर तिचा डावा तळहात जास्तच थरथरायला लागला होता, त्यावर चेंडू पाऱ्यासारखा हलत होता. पंच म्हणाला, चेंडू स्थिर नाही. तिने पुन्हा सर्व्हिस केली. पुन्हा चूक, पुन्हा गुण डोनाला.

या नियमातून सुटका आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे हात स्थिर राहत नसेल तर पंचाला सूट देता येते. हे मला तिनेच शिकवलं होतं. पण ते पंचाला सांगावं लागतं. आणि दोरीपलीकडे, हाताच्या अंतरावर, राजीव पोरांच्या पाण्याच्या बाटल्या धरून उभा होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठलेच होते.

"मी सांगू का?"

"ताई, बास."

ती पंचाजवळ गेली. त्याच्या कानाशी वाकून हळू सांगितलं. हॉलमध्ये वीस टेबलांवर चेंडू टकटक करत होते. तो म्हणाला, काय? तिने पुन्हा सांगितलं. तिच्या उच्चारात ते 'पाखिन्सन' व्हायचं. पोराचा चेहरा उजळला. "पार्किंग?" तो म्हणाला. "पार्किंग इमारतीच्या मागे आहे, मॅम."

कुणीतरी हसलं. मल-सुन सरळ उभी राहिली, डावा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मोठ्याने ओरडून सांगितलं की मला पार्किन्सन्स आहे, माझा हात थांबत नाही. शेजारच्या टेबलांवरचे चेंडू थांबले. राजीवने बाटल्या खाली ठेवल्या.

पंच लाल झाला. सूट दिली. पुढे ती कशी खेळली हे मला नीट सांगता येणार नाही, मी खेळातली जाणकार नाही. हात कापतोय, चेंडू कसाबसा वर उडतोय, आणि त्यानंतर मात्र काहीच कापत नाही. तिसरा घेतला, चौथा घेतला. पाचांतले तीन झाले, मॅच जिंकली. पहिली फेरी, ओहायोच्या एका टपालवालीविरुद्ध, दहा-बारा माणसांसमोर. डोनाने तिला मिठी मारली आणि सोडेचना. मल-सुन मिठीत काठीसारखी उभी होती.

दुपारची मॅच तिने सोडली. जेवताना तिच्या हातातून चमचा दोनदा पडला होता, आता उजव्या हातातून. गाडीत बसल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. "दमले," म्हणाली. मला आणखी काही ऐकायचं होतं, हे खरं. तिच्याकडे तेवढंच होतं.

दोन दिवसांनी राजीवने तिला बोलावून घेतलं. फार सभ्यपणे, कॉफी पाजून. मग मलाही फोन केला. "काकू, तुम्ही तरी समजून घ्या. पॅरेंट्स विचारतात. उद्या काही झालं तर इन्शुरन्सचा इश्यू आहे. मलाही वाईट वाटतंय हो."

"वाटू दे," मी म्हटलं. "वाईट वाटायला इन्शुरन्स लागत नाही."

क्लबात मी परत गेले नाही. त्याने राजीवचं काही बिघडलं नाही, हे मला कळतं.

सांगायचं म्हणजे, मल-सुन खचली नव्हती. मला वाटलं होतं खचेल. त्या आठवड्यात आमच्याकडे आली, नीनाने केलेलं थालीपीठ खाल्लं, त्यावर घरून आणलेली किमची घालून खाल्लं, आणि नीनाला सांगितलं की असंच खायचं असतं. मग पिशवीतून बॅट काढून माझ्यापुढे ठेवली. रबरावरचे दाणे निम्मे झिजलेले, काही मुळासकट तुटलेले. याच्यावर एप्रिलमध्ये खेळता येणार नाही, म्हणाली. एप्रिलमध्ये? मी विचारलं. एप्रिलमध्ये पुढची स्पर्धा आहे, म्हणाली, आणि 'तुला एवढंही माहीत नाही का' अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. घराचं भाडं कुठून येणार हे ठरलेलं नव्हतं. एप्रिल ठरलेला होता.

नोव्हाय गावात एक तैवानी म्हातारा आहे, तळघरात बसून बॅटला नवं रबर चिकटवून देतो. दुसऱ्या कुणाच्या हातचं तिला चालत नसे. पण तिला आता एवढं लांब गाडी चालवायची भीती वाटत होती, आणि मी इथे चालवत नाही. शंतनू कामासाठी बाहेरगावी होता, मंगळवारी येणार होता. मंगळवारी त्याला घेऊन तिघांनी जायचं ठरलं. मंगळवारचं मी विसरेन म्हणून तिने बॅट माझ्याकडेच ठेवली. मी काही विसरत नाही, पण ठेवून घेतली.

शनिवारी रात्री गोठलेला पाऊस पडला. रविवारी सकाळी ती कचऱ्याची पिशवी टाकायला इमारतीच्या मागच्या जिन्यावरून उतरली आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, डॉक्टर म्हणाले. मग न्यूमोनिया झाला, पार्किन्सन्समध्ये गिळताना अन्न फुप्फुसात जातं, तसा. मी रोज जात होते. बोलायला तिला जमत नव्हतं. एकदा माझा हात धरला आणि डोळे मिटले, तेव्हा तिच्या हातात हाडांशिवाय काही नव्हतं. फेब्रुवारीत ती गेली.

क्कुत-सुन कोरियातून आली ती अस्थी न्यायला. बहिणीसारखीच लांब हातांची. तिला इंग्लिश येत नव्हतं, मला कोरियन येत नव्हतं. मी बॅट तिच्यापुढे धरली. तिने ती उलटीसुलटी पाहिली, झिजलेल्या रबरावरून अंगठा फिरवला, आणि माझ्या हातात परत दिली. का दिली, मला विचारता आलं नाही.

शंतनू मध्ये दोनदा म्हणाला, आई, जायचं का त्या माणसाकडे? एकदा मला सर्दी होती. दुसऱ्यांदा म्हाताऱ्याने फोन उचलला नाही.

बॅट कोटांच्या कपाटात आहे, पिशवीतच. नोव्हायला जायचं राहिलं.